रक्तकर्करोगाच्या वॉर्डातील जंतुसंसर्ग कमी करताना : नव्या चमूसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी साडेनऊच्या सुमारास एक शेतकरी आपल्या तरुण मुलीला घेऊन आमच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आला. मुलीला तीव्र रक्तकर्करोग होता आणि केमोथेरपीचा एक टप्पा पूर्ण करून ती अकरा दिवसांपूर्वी घरी गेली होती. "बाई, ताप रातीच भरला, पहाटच्या यष्टीनं निघालो," असे तो सांगत होता. त्यानंतर केसपेपर निघाला, इंटर्नने तपासले, वॉर्डात खाट मिळाली, रक्त तपासणीला गेले, औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानातून भरून आली. सगळे रीतसर झाले आणि अँटिबायोटिकची पहिली मात्रा दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शिरेत गेली. यात कोणीही कामचुकारपणा केला नव्हता. मुलगी पुढे बरी होऊन घरी गेली, पण ती तीन तास चाळीस मिनिटे माझ्या डोक्यातून गेली नाहीत आणि आमचे काम तेथूनच सुरू झाले.

मी विदर्भातील ग्रामीण भागातल्या एका रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडील बहुतेक रक्तकर्करोगाच्या रुग्णांचे निदान आणि उपचाराचा आराखडा नागपूर किंवा सेवाग्रामला ठरतो. मधल्या काळातली काळजी, रक्त चढवणे, ताप आणि लाइन (औषध-रक्त देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) सांभाळणे आमच्या वाट्याला येते. तुमच्याही रुग्णालयाची हीच स्थिती असेल आणि तुम्हाला संसर्ग कमी करण्यासाठी एक लहान चमू उभारायचा असेल, तर आम्ही ज्या क्रमाने गेलो आणि जेथे चुकलो, ते पुढे दिले आहे.

आधी थोडे शरीराविषयी

जंतूंशी पहिली लढाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. केमोथेरपीनंतर साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सर्वांत कमी होतात. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या सुरुवातीच्या उपचारात तर ही स्थिती तीन-चार आठवडे टिकू शकते. एक घनमिलिमीटर रक्तात न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की धोका फार वाढतो. नवी मंडळी रिपोर्टमधील एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून निश्चिंत होतात, ही पहिली चूक. एकूण पेशी २,००० आणि त्यांतील न्यूट्रोफिल १० टक्के असतील, तर खरा आकडा २०० आहे. अशा रुग्णाला पू होत नाही, जखम फारशी लाल होत नाही, छातीच्या फोटोतही सुरुवातीला काही दिसत नाही. ताप हीच एक खूण उरते, आणि स्टेरॉइड चालू असेल तर कधीकधी तीही उरत नाही.

सुरुवातीला लागणारे सामान आणि कागद

- वैद्यकीय अधीक्षकांचे पत्र, ज्यात चमूतील व्यक्तींची नावे आणि बैठकीची वेळ लिहिलेली असेल. रुग्णालयाची संसर्ग नियंत्रण समिती असल्यास तिला त्याची प्रत द्यावी.
- जाड पुठ्ठ्याची एक वही, केवळ लाइनच्या नोंदींसाठी.
- कॅज्युअल्टी, वॉर्ड आणि लॅब येथील घड्याळे एकाच वेळेवर लावलेली. हे वाचून हसू येईल. आमच्या दोन घड्याळांत सतरा मिनिटांचा फरक निघाला होता.
- प्रत्येक खाटेजवळ हॅण्डरब (हातावर चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण), अल्कोहोलमधील २ टक्के क्लोरहेक्सिडीन (त्वचेसाठीचे जंतुनाशक), पारदर्शक ड्रेसिंग आणि निर्जंतुक गॉज.
- ब्लड कल्चरच्या (रक्तात जंतू वाढतात का, ते पाहण्याच्या तपासणीच्या) बाटल्यांचा थोडा साठा, डिजिटल थर्मामीटर, आलेख कागद आणि दोन रंगांची पेने.
- रुग्णाजवळ ठेवायचे कागद : शेवटचे डिस्चार्ज कार्ड, ताजा रक्त अहवाल, लाइन कधी व कोठे बसवली त्याची नोंद, यापूर्वीचे कल्चर रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशन कार्ड. शेवटची दोन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात, पण त्यांच्यासाठी पहिली मात्रा थांबवू नये, हे नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे.

१. रुग्णाच्या वाटेने एकदा चालून पाहा

कोणताही तक्ता भरण्यापूर्वी एखाद्या तापाच्या रुग्णाबरोबर फाटकापासून खाटेपर्यंत चाला आणि हातातील कागदावर प्रत्येक थांब्याची वेळ लिहा. कोणाला काही शिकवू नका, घाई करायला लावू नका, फक्त लिहा. आम्ही असे पाच रुग्णांबरोबर चाललो, तेव्हा लक्षात आले की डॉक्टरांच्या तपासणीला सर्वांत कमी वेळ लागत होता. वेळ जात होता तो रांगेत, खाटेची वाट पाहण्यात आणि औषध आणायला गेलेला नातेवाईक परत येईपर्यंत.

लाइनच्या बाबतीतही हेच करा. एका पाळीत एका लाइनला किती वेळा, कोणी, कशासाठी हात लावला, याची नुसती खूण करा. आकडा तुमच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघेल.

२. चमू लहान ठेवा, पण मावशींना घ्या

आमच्या पहिल्या बैठकीला चौदा जण होते. त्यांत नऊ डॉक्टर होते आणि वॉर्ड पुसणाऱ्या मावशी एकही नव्हत्या. ती बैठक चहाबरोबर संपली. दुसऱ्या वेळी आम्ही सात जणांवर आलो : एक फिजिशियन, एक निवासी डॉक्टर, दोन स्टाफ नर्स (त्यांतील एक कायम रात्रपाळीची), लॅब तंत्रज्ञ, औषध भांडारातील फार्मासिस्ट आणि वॉर्डातील मावशी. रुग्णाच्या नातेवाइकांपैकी एखादा समजूतदार माणूस अधूनमधून बैठकीला बसवावा; आम्हाला ज्या गोष्टी दिसत नाहीत, त्या रात्रंदिवस खाटेशेजारी बसणाऱ्याला दिसतात.

मावशींचा आग्रह मी का धरते, ते सांगते. आमच्या वॉर्डातील हात धुण्याच्या बेसिनखालीच बादली आणि पोछा ठेवलेला असे आणि त्यामुळे बेसिनपर्यंत नीट पोहोचताच येत नसे. आम्ही सगळे वर्षानुवर्षे त्यावरून वाकून हात धुत होतो किंवा धुणे टाळत होतो. "ही बादली ठेवायले दुसरी जागाच नाई दिली कोनं," हे मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितले. भिंतीत दोन खिळे ठोकून तो प्रश्न सुटला.

३. उद्दिष्ट एका वाक्यात लिहा

"वॉर्ड संसर्गमुक्त करणे" हे उद्दिष्ट नव्हे. काय, कोणासाठी, किती आणि कधीपर्यंत, हे चारही त्या वाक्यात यावे. उदाहरणार्थ : "येत्या सहा महिन्यांत, केमोथेरपीनंतर ताप घेऊन आलेल्या दहापैकी नऊ रुग्णांना रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ६० मिनिटांच्या आत अँटिबायोटिकची पहिली मात्रा मिळेल." लाइनच्या संसर्गासाठी असेच दुसरे वाक्य लिहा. तिसरे लिहू नका.

४. काय मोजायचे, ते सुरुवातीलाच ठरवा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो उडी मारून जातात आणि सहा महिन्यांनी त्यांच्याजवळ कोणालाच न पटणारे आकडे उरतात. येथे मी थोडी रेंगाळणार आहे.

लाइनमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचा दर हजार लाइन-दिवसांमागे काढतात. रोज एका ठरावीक वेळी, आमच्याकडे सकाळी आठ वाजता, वॉर्डातील किती रुग्णांना सेंट्रल लाइन, पिक लाइन (दंडातील शिरेतून आत नेलेली) किंवा केमोपोर्ट (कातडीखाली बसवलेला) आहे, ते मोजायचे. एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी तो एकच दिवस धरायचा. समजा, महिन्याची बेरीज १५० लाइन-दिवस झाली आणि त्या महिन्यात ३ संसर्ग झाले, तर ३ भागिले १५० गुणिले १,००० म्हणजे दर २० झाला. लाइन वॉर्डात दोन दिवसांहून अधिक काळ वापरात असेल, तरच तो संसर्ग तिच्या खात्यात धरतात.

रक्तकर्करोगाच्या वॉर्डात मात्र एक वेगळी अडचण असते. केमोथेरपीने तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलले जाते आणि आतड्यातील ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू थेट रक्तात उतरतात. लाइन कितीही स्वच्छ ठेवली, तरी असा संसर्ग तिच्या काळजीने टळत नाही. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये या प्रकारासाठी वेगळा गट केला. तुम्हीही वहीत दोन रकाने ठेवा : एक आतड्यातून आलेल्या संसर्गाचा आणि एक बाकीच्यांचा. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना आतड्यातला जंतू सापडला, तर तो पहिल्या रकान्यात जाण्याची शक्यता पाहावी. स्टॅफिलोकोकस किंवा स्यूडोमोनास सापडला, तर आपल्या हातांकडे, हबकडे (लाइनचे सिरिंज जोडायचे तोंड) आणि पाण्याकडे पाहावे. हा भेद न केल्यास चांगले काम करणाऱ्या सिस्टरला उगाच बोल लागतो आणि ती पुढच्या वेळी मनापासून नोंद करत नाही.

त्वचेवर नेहमी असणारा जंतू एकाच बाटलीत उगवला, तर ती बहुधा रक्त घेताना झालेली भेसळ असते. तो खरा संसर्ग धरण्यासाठी वेगवेगळ्या वेळी टोचून घेतलेल्या दोन नमुन्यांत तोच जंतू दिसावा लागतो. एकूण कल्चरपैकी भेसळीचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची रीत आहे.

तुमचा वॉर्ड पाच-सहा खाटांचा असेल, तर मासिक दर एका संसर्गाने आभाळाला भिडेल आणि पुढच्या महिन्यात शून्यावर येईल. अशा ठिकाणी "मागील संसर्गानंतर किती दिवस गेले" हा आकडा फळ्यावर लिहिणे अधिक उपयोगी पडते. तो मावशींनाही वाचता येतो आणि दिवस वाढत गेले की सगळ्यांची नजर त्याच्यावर जाते.

याशिवाय कृती मोजा : दहा वेळा लाइनला हात लावला त्यांपैकी किती वेळा हब पुसला, किती ड्रेसिंगवर तारीख होती. आणि एक उलटी बाजूही मोजा, म्हणजे क्लोरहेक्सिडीनने किती जणांना पुरळ आले, गरज नसताना किती जणांना अँटिबायोटिक गेले. एका बाजूने सुधारताना दुसऱ्या बाजूने बिघडवत तर नाही ना, हे त्यातून कळते.

हाताच्या स्वच्छतेची मोजणी फसवी असते. कोणी वही घेऊन उभे राहिले की सगळेच हात धुतात. म्हणून निरीक्षणाबरोबर महिन्याला किती हॅण्डरब संपले, तेही मोजावे. बाटली खोटे बोलत नाही, अर्थात ती कोणी घरी नेत नसेल तर.

५. कारणे शोधताना माणसाचे नाव लिहू नका

जपानचे काओरू इशिकावा यांनी रूढ केलेली माशाच्या सांगाड्याची आकृती येथे कामाला येते. डोक्याच्या जागी प्रश्न लिहा, काट्यांवर माणसे, सामान, पद्धत, जागा, वेळ असे गट करा आणि प्रत्येक कारणापुढे "असे का?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा. पहिली मात्रा उशिरा का? औषध वॉर्डात नव्हते. का नव्हते? मागणी रुग्णाच्या नावाने जाते. तशी का जाते? कारण आधीपासून तशी रीत आहे. येथे पोहोचलात की उपाय समोर दिसू लागतो. "सिस्टर दुर्लक्ष करतात" असे कारण कोणी लिहिले, तर ते खोडून "सिस्टर एका पाळीत किती रुग्ण सांभाळतात" असे लिहा.

६. बदल आधी एका रुग्णावर, एका पाळीत करून पाहा

ठरवा, करा, तपासा, सुधारा हे चक्र तुम्ही प्रशिक्षणात ऐकले असेल. जागतिक आरोग्य संघटनेचे दक्षिण-पूर्व आशिया कार्यालय आणि दिल्लीचे एम्स यांनी रुग्णाच्या खाटेजवळच्या गुणवत्ता सुधारणेसाठी जी चार टप्प्यांची पद्धत मांडली, तिचाही गाभा हाच आहे. नवे लोक येथे एक ठरावीक चूक करतात : छान चेकलिस्ट छापून सोमवारपासून सर्व वॉर्डांना लागू करतात. आमची पहिली चेकलिस्ट बावीस ओळींची होती आणि पाळी संपताना सगळ्या चौकटींत एकाच पेनाने, एकाच हाताने बरोबरच्या खुणा होत असत. पुढे एका सिस्टरने, एका रुग्णावर, एका दुपारी ती खरोखर वापरून पाहिली आणि तिच्या सांगण्यावरून ती सहा ओळींवर आली. त्यानंतर दोन रुग्ण, मग रात्रपाळी, मग सगळा वॉर्ड.

७. लाइनची रोजची काळजी

अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला : हात धुणे, लाइन बसवताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि नको असलेली लाइन काढून टाकणे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार संसर्गाचा मध्यक (चढत्या क्रमातील मधला आकडा) हजार लाइन-दिवसांमागे २.७ वरून तीन महिन्यांतच शून्यावर आला. त्यात चमूला दिलेला एक अधिकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : पायरी चुकली, तर सिस्टर डॉक्टरला थांबवू शकत होती. आपल्याकडे हे तोंडी सांगून होत नाही. अधीक्षकांच्या पत्रातच ते वाक्य लिहून घ्या.

या पाच गोष्टी मुख्यतः लाइन बसवण्याच्या वेळच्या आहेत. आपल्या रुग्णांची लाइन बहुधा मोठ्या रुग्णालयात बसते आणि पुढे आठवडे, महिने राहते. त्यामुळे आपली कसोटी रोजच्या हाताळणीत आहे.

- लाइनला हात लावण्यापूर्वी हॅण्डरब २० ते ३० सेकंद चोळावे. हातावर रक्त किंवा मळ दिसत असेल, तर साबण आणि पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. तेथे हॅण्डरब चालत नाही. उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात, तेव्हा वॉर्डासाठी झाकण आणि तोटी असलेली पाण्याची टाकी वेगळी ठेवावी.
- हब अल्कोहोलने १५ सेकंद घासावा आणि वाळू द्यावा. वाळण्याआधी सिरिंज लावली, तर घासण्याचा उपयोग राहत नाही.
- पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचे दोन दिवसांनी बदलावे; ओले, सैल किंवा मळके झाले तर लगेच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, घामाने पारदर्शक ड्रेसिंगच्या कडा सुटतात आणि ते वरून नीट दिसत असले तरी खालून उघडे असते. फार घाम येणाऱ्या रुग्णाला गॉज बरे.
- सलाईनचा सेट रोज बदलू नये. सतत चालू असलेला सेट ९६ तासांच्या आत बदलण्याची गरज नसते, मात्र सात दिवसांपलीकडे तो ठेवू नये. रक्त किंवा स्निग्ध द्रावण दिलेला सेट २४ तासांच्या आत बदलावा. विनाकारण जोडणी सोडवणे म्हणजे जंतूंना दार उघडून देणे आहे.
- रोजच्या फेरीत "ही लाइन आज हवी का?" हे डॉक्टरांना मोठ्याने विचारावे.

या टप्प्यातील सर्वांत धोकादायक सवय एका वाक्यात सांगते : सलाईनच्या बाटलीत सुई टोचून ठेवायची आणि दिवसभर सगळ्यांच्या लाइन त्याच बाटलीतून फ्लश करायच्या (सलाईन ढकलून धुवायच्या). एका बाटलीतला जंतू त्यामुळे संपूर्ण वॉर्डात पोहोचतो. दहा मिलिलिटरच्या छोट्या कुप्या वापराव्यात आणि एक कुपी एकाच रुग्णाला, एकाच वेळी द्यावी. भांडारातून "महाग पडते" असे उत्तर आल्यास एका रक्तसंसर्गाला लागणाऱ्या अँटिबायोटिकचे बिल त्या अर्जाला जोडावे. आमच्याकडे त्यानंतर प्रश्न आला नाही.

हॅण्डरबची अर्धी बाटली वरून भरू नये, त्यात पाणी तर कधीच घालू नये. आणि त्यातील अल्कोहोल पेट घेते; खाटेशेजारी उदबत्ती किंवा दिवा लावणाऱ्या नातेवाइकांना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगावे.

८. तापाचा पहिला तास

तोंडातील ताप एकदा १०१ अंश फॅरनहाइट किंवा तासभर १००.४ अंश राहिला, तर न्यूट्रोफिल कमी असलेल्या रुग्णासाठी ती तातडीची वेळ आहे. गुदद्वारातून ताप मोजू नये, एनिमा देऊ नये, स्नायूत इंजेक्शन देऊ नये. रिपोर्ट येईपर्यंत थांबू नये. केमोथेरपीनंतरचा ताप म्हणजे पेशी कमी आहेत, असेच धरून चालावे. लाइन फ्लश केल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली, तर लाइनच्या संसर्गाची शंका घ्यावी. ताप नसताना रक्तदाब उतरला किंवा रुग्ण बरळू लागला, तरी घड्याळ सुरू झाले असे समजावे.

आमच्याकडे तीन बदल टिकले.

पहिला, ताप कार्ड. पिवळ्या कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत "हा रुग्ण केमोथेरपीवर आहे. ताप असल्यास रांगेत थांबवू नये" असे लिहिलेले असते, मागे शेवटच्या केमोथेरपीची तारीख आणि लाइनचा प्रकार. कार्ड दिसताच केसपेपरआधी रुग्ण आत येतो.

दुसरा, पहिल्या मात्रेचा डबा. रुग्णालयाच्या धोरणात ठरलेले अँटिबायोटिक, कल्चरच्या बाटल्या, सिरिंज, क्लोरहेक्सिडीन आणि वेळ लिहायचा कागद एका मोहोरबंद डब्यात, कॅज्युअल्टीतच. फार्मासिस्ट रोज सकाळी मोहोर पाहतो. कोणते औषध ठेवायचे, हे आपल्या लॅबमध्ये वर्षभरात कोणते जंतू उगवले आणि कशाला दबले, त्यावरून फिजिशियन व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ठरवावे. आपल्या देशात अशा रुग्णांमध्ये क्लेबसिएला, ई. कोलाय, स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर हे जंतू जास्त आणि औषधांना दाद न देणारे असतात, त्यामुळे परदेशी पुस्तकातील औषध जसेच्या तसे उचलू नये.

तिसरा, खाट मिळण्याची वाट न पाहता कॅज्युअल्टीतच मात्रा देणे. यावर सर्वांत जास्त वाद झाला आणि वेळही यातूनच सर्वांत जास्त वाचला.

कल्चर मात्रेआधी घ्यावे : एक नमुना लाइनमधून, एक हाताच्या शिरेतून, मोठ्या माणसासाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. बाटलीचे रबरी तोंड अल्कोहोलने पुसावे. शीर सापडत नाही म्हणून मात्रा लांबवू नये. रक्त भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. रात्री लॅब बंद असते म्हणून आमच्याकडे ती कित्येक महिने फ्रिजमध्ये जात होती आणि "जंतू आढळले नाहीत" असे रिपोर्ट पाहून आम्ही खूश होत होतो. बाटली सावलीत, खोलीच्या तापमानात ठेवावी आणि मिळेल त्या पहिल्या संधीने लॅबला पोहोचवावी.

आता दाराबाहेरचा वेळ. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाट बंद होते, मेळघाटातील पाड्यांवरून तालुक्याला यायलाच अर्धा दिवस जातो. तेथील रुग्णासाठी आपला साठ मिनिटांचा हिशेब अपुरा आहे. म्हणून डिस्चार्ज देतानाच त्याच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे पत्र द्यावे : ताप आल्यास कल्चर घेता आले तर घ्यावे, पहिली मात्रा तेथेच द्यावी आणि मग १०८ च्या रुग्णवाहिकेने पाठवावे. गावच्या आशाताईंना त्या पत्राची प्रत द्यावी. गावात मिळणारी "सुई" मात्र टाळायला सांगावे. ती अनेकदा कमरेत दिली जाते, तिच्यात स्टेरॉइड असू शकते, आणि ताप दबलेला रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा उशीर झालेला असतो. पॅरासिटामॉलही ताप मोजून, लिहून आणि फोन करून झाल्यावरच घ्यावे.

९. नातेवाईक, कूलर आणि खर्रा

विदर्भातील वॉर्डात उन्हाळ्यात कूलर लागतोच. त्याच्या ओल्या गवतात आणि साचलेल्या पाण्यात बुरशी आणि स्यूडोमोनाससारखे जंतू वाढतात आणि पंखा ते थेट खाटेवर फेकतो. न्यूट्रोफिल कमी असलेल्या रुग्णाच्या खोलीत कूलर नको; वातानुकूलित खोली नसेल, तर त्या रुग्णांसाठी पंखा, जाड पडदे आणि इमारतीतली त्यातल्या त्यात थंड बाजूची खोली निवडावी. बाकी वॉर्डातील कूलरचे पाणी काढण्याचा आणि टाकी घासून वाळवण्याचा दिवस ठरवून मावशींच्या तक्त्यात लिहावा. रुग्णालयात तोडफोड किंवा बांधकाम सुरू असेल, तर धुळीबरोबर ॲस्परजिलस ही बुरशी उडते. त्या काळात रुग्णांची खोली बदलावी.

खर्ऱ्याविषयी (सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाविषयी) बोलायला संकोच करू नये. तळहातावर खर्रा घोटून त्याच हाताने रुग्णाला पाणी पाजणारे नातेवाईक आम्ही रोज पाहतो, आणि खरे सांगायचे तर कर्मचाऱ्यांतही ते आहेत. आम्ही दंडाची पाटी लावली, ती कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांनीच रंगली. पुढे "खाटेला हात लावण्याआधी हॅण्डरब" एवढा एकच नियम ठेवला आणि तो शिकवण्याचे काम जुन्या रुग्णाच्या आईकडे दिले. ती आमच्यापेक्षा चांगले शिकवते.

भेटायला गाव लोटते. एका वेळी एक माणूस, सर्दी-खोकला असलेला नाही, आणि लहान मुले नाहीत, हे दारावरच सांगावे. लाइनच्या जागी हळद किंवा अंगारा लावू नये, हे पहिल्याच दिवशी सांगावे. अंगारा उशाशी कागदात बांधून ठेवायला हरकत नाही, असे म्हटले की वाद होत नाही.

जेवणाबाबत फार जाचक पथ्ये घालू नयेत. केवळ कच्चे पदार्थ तोडणाऱ्या कडक आहाराने संसर्ग कमी होतो, असे तुलनात्मक चाचण्यांत दिसलेले नाही. ताजे, गरम, झाकलेले अन्न, उकळून गार केलेले पाणी, आणि हात धुऊन सोललेले संत्रे किंवा केळे चालते. मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा दिवसातून चार वेळा. घरी गेल्यावर तूर-सोयाबीनची मळणी, कडब्याची गंजी आणि गोठ्याची सफाई यांपासून पेशी वर येईपर्यंत दूर राहावे.

१०. आलेख भिंतीवर, बैठक उभ्याने

आठवड्याचा एक ठिपका, मध्यकाची एक रेघ, बदल केला त्या दिवशी बाण. इतकाच आलेख पुरतो. दोन ठिपके खाली आले की पेढे वाटू नयेत. मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा ठिपके आले, तर खरा बदल झाला असे मानतात. बैठक आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे, आलेखासमोर उभ्याने घ्यावी. संसर्ग झालाच, तर दोन-तीन दिवसांत त्या रुग्णाच्या नोंदी सगळ्यांनी मिळून वाचाव्यात.

एक सावधगिरी. कायाकल्प (सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेची पुरस्कार योजना) किंवा अन्य तपासणी जवळ आली की हे सगळे फायलीत जाते आणि आलेखावर रातोरात सुंदर ठिपके उमटतात. आकडा वाईट आला म्हणून एकदा जरी कोणाला मेमो निघाला, तरी पुढचे सगळे आकडे चांगलेच येतील आणि एकही खरा नसेल. हे अधीक्षकांना सुरुवातीलाच, एकांतात, स्पष्ट सांगावे.

११. माणसे बदलतात, त्याची सोय करा

इंटर्न बदलतात, निवासी डॉक्टर दुसऱ्या विभागात जातात, कंत्राटी सिस्टरची मुदत संपते. आमचा पहिली मात्रा देण्याचा वेळ दोनदा पुन्हा वाढला आणि दोन्ही वेळा नवी तुकडी नुकतीच आली होती. आता नव्या माणसाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी स्वतः करून दाखवाव्या लागतात : हब घासणे, ताप कार्ड पाहून डबा उघडणे आणि वहीत लाइन-दिवस मांडणे. हात धुण्याची परीक्षा मावशी घेतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय इंटर्नचे नाव पाळीच्या तक्त्यावर चढत नाही, आणि आतापर्यंत त्यांनी दोन डॉक्टरांना बेसिनवर परत पाठवले आहे.